संत जॉन बॉस्को : बांधकामावरच्या पोरांचा धर्मपिता

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. आपल्या शाळांतून त्या दिवशी मिस्साबली होतो, मुलांना खाऊ वाटला जातो, क्रीडास्पर्धा होतात. डॉन बॉस्को हे नाव मुंबई-पनवेल पट्ट्यातील कॅथलिकांनाच काय, इतर धर्मीय बांधवांनाही परिचयाचे आहे. मात्र ते बहुधा शाळेचे नाव म्हणून. इटलीत धर्मगुरूंना आदराने डॉन म्हणतात, हे सांगितले की आमच्याकडील तरुण मंडळी हसू लागतात, कारण मुंबईने या शब्दाला निराळाच अर्थ चिकटवला आहे. असो. ज्यांच्या नावाच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक धडपडतात, त्या संताने आपले कार्य शाळेत पाऊलही न टाकू शकणाऱ्या पोरांपासून सुरू केले होते. ती पोरे विटा वाहणारी, चुना कालवणारी, गवंड्याच्या हाताखाली राबणारी होती. पनवेलकर वाचकांपुढे हे चरित्र ठेवताना आम्हाला तोच भाग अधिक जवळचा वाटतो.

जॉन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिएमोंत प्रांतात, कास्तेलनुओवो गावाजवळच्या बेक्की या वाडीत झाला. वडील फ्रान्सिस्को शेतमजुरी करीत. जॉन दोन वर्षांचाही झाला नव्हता, तोच मे १८१७ मध्ये न्यूमोनियाने वडिलांचा मृत्यू झाला. आई मार्गारिता तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. घरात म्हातारी सासू, पतीच्या पहिल्या पत्नीचा मुलगा अंतोनियो आणि स्वतःचे जोसेफ व जॉन हे दोघे होते. त्यात अवर्षणाचे आणि उपासमारीचे साल. दुसऱ्या विवाहाचा प्रस्ताव आला असता मुलांना दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागेल म्हणून या माउलीने तो नाकारला. तिला लिहितावाचता येत नव्हते, परंतु प्रार्थना, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे आणि कष्टाची सवय तिने मुलांच्या अंगी बाणवली.

वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास जॉनला एक स्वप्न पडले. अंगणात मुले भांडत आहेत, शिव्याशाप देत आहेत आणि तो त्यांना ठोसे मारून गप्प करू पाहत आहे. तेवढ्यात एक तेजस्वी पुरुष व एक स्त्री त्याला दिसली. माराने नव्हे तर प्रेमाने व सौम्यपणाने ही मुले जिंकावी लागतील, असा बोध त्यांनी त्याला केला. स्वप्नातील रानटी जनावरांची कोकरे झाली. संतांच्या चरित्रांतून अशी स्वप्ने पुष्कळ आढळतात आणि वाचक ती भक्तिभावाने वाचून पुढे जातात. आम्हाला त्या स्वप्नातील ठोसे महत्त्वाचे वाटतात. जॉन हा जन्मतः सौम्य मुलगा नव्हता. तापट आणि अंगाने दणकट अशा या पोराला सौम्यपणा आयुष्यभर कमवावा लागला.

गावच्या जत्रेत डोंबाऱ्यांचे खेळ बघून त्याने दोरीवर चालणे, कोलांट्या मारणे, हातचलाखी करणे हे सारे शिकून घेतले. रविवारी दुपारी घराजवळच्या कुरणात तो खेळ मांडी. तिकिटाचे पैसे नसत, मात्र मध्येच सगळ्यांनी रोझरी म्हणायची आणि सकाळचे प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचे, अशी अट असे. ज्याला ते नको, त्याने निघून जावे. बहुतेक जण थांबत, कारण दोरीवरचा खेळ अजून बाकी असे.

शिकून धर्मगुरू व्हावे ही त्याची इच्छा सावत्र भावाला रुचली नाही. घरात जो तो शेतात राबत असताना एकाने पुस्तक घेऊन बसावे हे अंतोनियोला सहन होईना, आणि गरीब घरातील तो कलह आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. अखेरीस आईने काळजावर दगड ठेवून जॉनला बाराव्या वर्षी घराबाहेर पाठवले. मोलिया नावाच्या शेतकरी कुटुंबात तो गुरे राखणारा गडी म्हणून राहिला. पुढे डॉन कालोस्सो या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकवले. त्यांचेही १८३० साली निधन झाले. किएरी येथे शाळेत असताना तो शिंप्याकडे, चहा-कॉफीच्या दुकानात असा मिळेल तेथे राबून राहण्याजेवण्याची सोय करी. १८३५ साली त्याने सेमिनरीत प्रवेश घेतला आणि ५ जून १८४१ रोजी तुरीन येथे आर्चबिशप फ्रान्सोनी यांच्या हस्ते त्यास गुरुदीक्षा मिळाली. मुलगा धर्मगुरू होऊन श्रीमंत झाला तर त्याच्या घराची पायरी चढणार नाही, असे त्याच्या आईने त्याला पूर्वीच बजावले होते.

तुरीन शहर त्या काळी झपाट्याने वाढत होते. नवे रस्ते, नव्या इमारती, कारखाने उभे राहत होते आणि डोंगराळ भागांतील खेड्यांतून आठ-दहा वर्षांपासूनची पोरे कामासाठी एकटीच शहरात येत होती. कोणी गवंड्याच्या हाताखाली, कोणी धुराडी साफ करायला, कोणी नुसतेच चौकात उभे राहून काम मिळण्याची वाट पाहत. नवी मुंबई आणि पनवेल परिसरातील मजूर नाक्यांवर सकाळी उभे राहणारे तरुण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांची मुले त्यांच्याबरोबर जातात आणि शाळा मागे राहते. २०२५ साली आपल्या भागात विमानतळ सुरू झाला. त्याच्या अवतीभवती जी बांधकामे चालली आहेत, तेथे कोणकोणत्या प्रांतांतून पोरे आली आहेत, हे रविवारच्या बाजारात त्यांच्या भाषा ऐकल्या की कळते.

नवदीक्षित डॉन बॉस्को यांना त्यांचे मार्गदर्शक फादर जोसेफ काफास्सो तुरीनच्या तुरुंगांत घेऊन गेले. हे काफास्सोही पुढे, १९४७ साली, संत म्हणून घोषित झाले. तुरुंगात बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार मुले किडामुंगीसारखी कोंडलेली पाहून डॉन बॉस्को हादरले. त्याहून अधिक त्यांना एका गोष्टीने अस्वस्थ केले. सुटून गेलेली मुले काही दिवसांत पुन्हा आत दिसत. बाहेर त्यांची विचारपूस करणारे कोणीच नव्हते. तुरुंगाच्या दाराशी नव्हे, त्याच्या पुष्कळ आधी या मुलांना गाठले पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात तेथेच रुजला.

८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक गर्भसंभव मारियेच्या सणादिवशी, संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या मंदिरात डॉन बॉस्को मिस्सासाठी वस्त्रे परिधान करीत होते. सक्रिस्तीत एक मळक्या कपड्यांचा मुलगा येऊन उभा राहिला. मिस्साला सेवा करता येत नाही म्हणून तेथील सेवकाने त्याला झाडूच्या दांड्याने झोडपून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्या सेवकाला खडसावले आणि तो मुलगा आपला मित्र आहे असे सांगून त्याला परत बोलावून घेतले. त्याचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली, वय सोळा, आईबाप वारलेले, काम गवंड्याच्या हाताखालचे. वाचता येते का, गाता येते का, अशी चौकशी झाली. सर्वांवर नकारार्थी उत्तर आले. शेवटी शीळ तरी वाजवता येते का, असे विचारताच तो मुलगा हसला. मग दोघांनी मिळून नमो मारिया ही प्रार्थना म्हटली आणि धर्मशिक्षणाचा पहिला पाठ झाला. पुढच्या रविवारी तो आपले सोबती घेऊन आला. सालेशियन परिवार आपल्या कार्याचा आरंभ याच दिवसापासून मानतो.

मुले वाढली तशी अडचण वाढली. शेदोनशे पोरांचा गलका कोणाला हवा होता? रविवारची ही शाळा, जिला ऑरेटरी म्हणत, १८४४ ते १८४६ या काळात एका जागेहून दुसऱ्या जागी हाकलली गेली. कधी दफनभूमीजवळचे चॅपेल, कधी पिठाच्या गिरण्यांचा परिसर, कधी भाड्याच्या खोल्या, शेवटी तर उघडे कुरण. शेजारी तक्रार करीत. आपल्या धर्मग्रामातील पोरे दुसरा धर्मगुरू पळवतो, असे काही धर्मगुरूंना वाटे. शहराच्या अधिकाऱ्यांना एवढ्या पोरांच्या जमावात बंडाची चाहूल लागे. ज्या उमराव स्त्रीच्या संस्थेत डॉन बॉस्को चॅपलिन होते, त्या मार्केझा बारोलो यांनी नोकरी किंवा पोरे यांतून एकाची निवड करण्यास सांगितले. त्यांनी पोरांची निवड केली. (ही बाई मनाने वाईट नव्हती. तिने स्वतः तुरुंगातील स्त्रियांसाठी मोठे काम केले होते आणि पुढेही ती गुपचूप मदत पाठवीत राहिली.) पुढे प्रशस्त अंगण, कार्यशाळा, मंदिर असे सारे होणार असल्याचे डॉन बॉस्को इतक्या खात्रीने सांगत, की त्यांना वेड लागले असावे अशी मित्रांचीच समजूत झाली. दोन धर्मगुरू घोडागाडी घेऊन त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेण्यासाठी आले. डॉन बॉस्को यांनी अदबीने त्या दोघांना आधी गाडीत बसवले, दार बाहेरून लावले आणि गाडीवानास गाडी इस्पितळाकडे हाकण्यास सांगितले.

१८४६ सालच्या ईस्टर रविवारी, १२ एप्रिल रोजी, वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक पडवी भाड्याने मिळाली. छत इतके बुटके, की जमीन खणून खाली न्यावी लागली. त्याच उन्हाळ्यात श्रमांमुळे डॉन बॉस्को मरणाच्या दारी पोहोचले. गवंडीकाम करणारी पोरे पाळ्या लावून पवित्र मारियेच्या मंदिरात प्रार्थना करू लागली. काहींनी कडक उन्हात राबत असताना पाणीही न पिण्याचे व्रत घेतले. डॉन बॉस्को वाचले, आणि आपले उरलेले आयुष्य आता या पोरांचेच आहे, असे त्यांनी जाहीर केले. गावी विश्रांती घेऊन ३ नोव्हेंबरला ते परतले, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची त्यांची आई हातात टोपली घेऊन त्यांच्याबरोबर पायी तुरीनला आली.

मम्मा मार्गारिता यांच्याविषयी थोडे अधिक लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण संतांच्या चरित्रांत अशा स्त्रिया दोन ओळींत आटोपल्या जातात. लग्नातली वस्त्रे आणि दागिना विकून त्यांनी पहिल्या दिवसांचा खर्च भागवला. १८४७ साली पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा रात्री दाराशी आला. त्याला स्वयंपाकघरात झोपवून त्यांनी जे वसतिगृह सुरू केले, त्यात पुढे शेकडो मुले आली. त्याआधी आसरा दिलेली काही पोरे पांघरुणे घेऊन पळून गेली होती, तरीही दार बंद झाले नाही. एकदा खेळता खेळता पोरांनी त्यांचा भाजीचा मळा तुडवला. त्या कंटाळल्या आणि गावी परत जाते म्हणून सांगू लागल्या. मुलाने काही न बोलता भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखवले. त्या पुन्हा आपल्या चुलीकडे वळल्या. २५ नोव्हेंबर १८५६ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच होत्या. २००६ साली ख्रिस्तसभेने त्यांना आदरणीय हा बहुमान दिला.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे वळतो. डॉन बॉस्को फक्त रविवारी पोरांना भेटत नसत. आठवड्यात ते परातींवर, फळ्यांवर, कारखान्यांत जाऊन त्यांची विचारपूस करीत. तेथे त्यांना दिसले, की मालक काम शिकवण्याच्या नावाखाली पोराला घरची धुणीभांडी लावतो, मारतो, सणावारीही राबवतो आणि मजुरी देतो किंवा देत नाही. यावर त्यांनी प्रवचन केले नाही. त्यांनी सरकारी मुद्रांकित कागद आणला. १८५१-५२ पासूनचे त्यांचे असे करारनामे आजही जतन केलेले आहेत. फेब्रुवारी १८५२ मध्ये जोसेफ ओदास्सो या मुलासाठी बेर्तोलिनो नावाच्या सुताराशी केलेला करार त्यांपैकीच एक. मालकाने मुलाला सुतारकाम खरोखर शिकवावे, धंद्याशी संबंध नसलेली कामे सांगू नयेत, चुकल्यास तोंडाने समजवावे, हात उगारू नये, ताकदीपलीकडचे ओझे लादू नये, रविवार व सणाचे दिवस पूर्ण मोकळे ठेवावेत, वर्षाला पंधरा दिवस सुटी द्यावी आणि मजुरी वर्षागणिक वाढवावी, अशी कलमे त्यात आहेत. मुलानेही आज्ञाधारक व मेहनती राहावे. त्याच्या वर्तनाची हमी डॉन बॉस्को स्वतः घेत. खाली मालक, मुलगा, मुलाचा बाप आणि डॉन बॉस्को यांच्या सह्या.

कामगार कायद्यांचे नावही तेथे कोणी घेत नव्हते, अशा काळातील हा कागद आहे. मंदिरात येणाऱ्या पोराच्या आत्म्याची काळजी वाहणारा धर्मगुरू त्याच्या सुटीच्या दिवसांसाठी आणि मजुरीसाठी सुताराशी घासाघीस करतो, हे काहींना धर्मगुरूच्या पदास न शोभणारे वाटले असेल. आम्हाला मात्र त्यांच्या चमत्कारांच्या कथांपेक्षा हा कागद अधिक वेळा वाचावासा वाटतो. आमच्या धर्मग्रामांतील किती कंत्राटदार बांधव आपल्याकडील बिगाऱ्याशी असा कागद करण्यास तयार होतील, हा प्रश्नही तो वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

संध्याकाळच्या वर्गांचीही हीच कथा. दिवसभर राबून आलेल्या पोरांना अक्षरे आणि हिशेब शिकवण्यासाठी त्यांनी १८४५ पासून रात्रीचे वर्ग चालवले. राज्यात मेट्रिक मापे लागू होणार होती. गवंडी-सुतारांची फसगत होऊ नये म्हणून त्यांनी त्या मापांवर सोपे पुस्तक लिहिले. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली. दोघांना एकमेकांची वार्ताही नसेल, परंतु कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसलेले दमलेले चेहरे दोन्हीकडे सारखेच असणार. पुढे बाहेरच्या मालकांवर विसंबणे नको म्हणून डॉन बॉस्को यांनी स्वतःच्या कार्यशाळा काढल्या. १८५३ साली चांभारकाम व शिवणकाम, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई, लोहारकाम. १८५३ हे साल वाचकांच्या लक्षात राहील. त्याच वर्षी मुंबई-ठाणे रेल्वे धावली.

१८५४ साली तुरीनमध्ये पटकीची साथ आली. लोक आजाऱ्यांच्या घरी जाण्यास धजत नव्हते. डॉन बॉस्को यांच्या हाकेला ओ देऊन चाळीसहून अधिक मुले शुश्रूषेसाठी बाहेर पडली. मम्मा मार्गारिता यांनी घरातील चादरी, टेबलावरची कापडे, अखेर वेदीवरचे वस्त्रही रुग्णांसाठी दिले. त्या मुलांपैकी एकालाही लागण झाली नाही. त्याच वर्षी दोमिनिक साव्हियो हा बारा वर्षांचा मुलगा वाल्दोक्कोला आला. पंधरावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, मार्च १८५७ मध्ये, त्याचे निधन झाले. १९५४ साली तो संत म्हणून घोषित झाला.

या सर्व काळात राज्यकर्ते आणि ख्रिस्तसभा यांचे संबंध बिघडलेले होते. आर्चबिशप फ्रान्सोनी हद्दपार झाले, १८५५ च्या कायद्याने अनेक मठ बंद पडले. गंमत अशी, की तो कायदा आणणारे मंत्री रात्तात्सी यांनीच डॉन बॉस्को यांना नवा संघ कसा स्थापावा याचा सल्ला दिला. सभासदांनी आपले नागरी हक्क राखून एकत्र यावे, म्हणजे सरकारला बोट ठेवता येणार नाही. १८ डिसेंबर १८५९ रोजी डॉन बॉस्को धरून अठरा जणांनी हा संघ स्थापन केला. बहुतेक त्यांच्याच अंगणात वाढलेली तरुण पोरे होती. सौम्य स्वभावाच्या संत फ्रान्सिस द सालस यांच्या नावावरून त्यांना सालेशियन म्हणतात. १८७२ साली मारिया मात्सारेल्लो यांच्यासह मुलींसाठी धर्मभगिनींचा संघ सुरू झाला आणि १८७५ साली पहिले मिशनरी अर्जेंटिनाला रवाना झाले.

त्यांची शिक्षणपद्धती तीन शब्दांवर उभी होती. विवेक, धर्म आणि वात्सल्य. मूल चुकल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चुकण्याची वेळच येऊ नये इतके त्याच्या सोबत राहावे. धर्मगुरूने व्यासपीठावरच न राहता अंगणात पळावे, चेंडू खेळावा. १८८४ साली रोमहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांना कळवळून सांगितले, की मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते प्रेम मुलांना जाणवले पाहिजे. म्हणजे त्यांच्या हयातीतच, त्यांच्याच घरात ही गोष्ट विसरली जाऊ लागली होती.

संताचे आयुष्य सरळ रेषेत गेले असे नाही. आर्चबिशप गास्ताल्दी हे पूर्वीचे स्नेही, परंतु संघाच्या अधिकारांवरून दोघांत दहा-अकरा वर्षे वितुष्ट राहिले. १८८२ साली पोपमहोदयांच्या आदेशावरून डॉन बॉस्को यांना क्षमायाचना करावी लागली. कर्ज तर सदैव डोक्यावर होते. १८६८ साली तुरीनमध्ये ख्रिस्ती जनांची साहाय्यिका मारिया हिचे भव्य मंदिर उभे राहिले. त्या बांधकामाचा पहिला हप्ता म्हणून त्यांनी कंत्राटदाराच्या हातावर थैली रिकामी केली, तेव्हा त्यातून केवळ आठ नाणी पडली. तो कंत्राटदार कार्लो बुत्सेत्ती होता. विटा वाहत ऑरेटरीत आलेल्या सुरुवातीच्या पोरांपैकी एक. त्याने मंदिर पूर्ण केले.

३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे डॉन बॉस्को प्रभूच्या घरी गेले. तेव्हा साडेसातशेहून अधिक सालेशियन युरोप व दक्षिण अमेरिकेत काम करीत होते. तरुण धर्मगुरू असताना १८८३ साली वाल्दोक्कोला त्यांचे पाहुणे म्हणून राहिलेले आखिल्ले रात्ती पुढे पोप पायस अकरावे झाले आणि त्यांनीच १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टर रविवारी, त्यांना संतपद बहाल केले.

सालेशियन १९०६ साली तंजावरला आणि १९२८ साली मुंबईत आले. माटुंग्याची शाळा व तेथील मारियामातेचे तीर्थमंदिर सर्वांना ठाऊक आहे. पनवेलहून मुंबईकडे जाणारी लोकल वाटेत नेरूळला थांबते, तेथे डॉन बॉस्को यांच्या नावाची शाळा आहे. पुढे कुर्ला लागते, तेथे तांत्रिक शिक्षणाची संस्था आहे. आणि वडाळा येथे १९८७ साली सुरू झालेला शेल्टर डॉन बॉस्को हा निवारा आहे. घर सोडून गाडीत बसलेली, स्थानकांवर आणि रस्त्यांवर वाढणारी मुले तेथे आसऱ्याला येतात. त्यांच्यापैकी कितीतरी जणांना अजून आपले नाव लिहिता येत नाही, पण शीळ बहुतेकांना येते.